अर्धा उरलेला कोर्स

रसिका : चहा नको, काकू. बाबांचं कपाट आवरून सातच्या आत निघायचंय मला. दारात का उभ्या? आत या ना.

उर्मिला : येते गं. काल भाऊजींचं तेरावं झालं, तरी आज सकाळी त्यांची दुधाची पिशवी मीच आत घेतली. पंधरा वर्षांची सवय. रसिका, मला तुला काहीतरी सांगायचं होतं.

रसिका : आधी हा कागद बघा. अक्षर तुमचंच ना?

उर्मिला : माझंच. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाची पुडी. ‘सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. मध्येच सोडू नये.’ तुला कुठे मिळाली?

रसिका : हॉस्पिटलात, बाबांच्या उशीखाली. पाचव्या दिवशी.

उर्मिला : म्हणजे तुला तेव्हापासून ठाऊक होतं. आणि तरी काल माझ्या हातचं जेवलीस?

रसिका : बोलायची ताकद नव्हती. आज विचारते. कुठल्या कॅप्सूल होत्या या?

उर्मिला : आमच्या ह्यांच्या जबड्याला गळू झालं होतं ना, तेव्हाच्या. अर्ध्या उरल्या होत्या. मी टाकत नाही गं काही. तापाचं, खोकल्याचं, सगळं त्या श्रीखंडाच्या डब्यात. सव्वीस जुलैच्या पुरात दवाखाने बंद होते, तेव्हा अख्खी बिल्डिंग त्या डब्यावर निभावली. तेव्हापासून जो तो माझ्या दारात यायला लागला. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? भाऊजींची दाढ ठणकत होती, डेंटिस्टची वेळ पुढच्या आठवड्यातली. म्हटलं, ह्या घ्या, ह्यांना दोन दिवसांत उतार पडला होता.

रसिका : आणि जुलाब लागले तेव्हा?

उर्मिला : वाटलं, स्टेशनजवळची भेळ बाधली. थांबायची गोळी दिली. मग ताप आला. म्हटलं, पोटात इन्फेक्शन असेल, कॅप्सूल चालूच ठेवा, कोर्स अर्धा सोडायचा नसतो. डॉक्टरच सांगतात ना तसं.

रसिका : त्यांनी दिलेल्या कोर्सबद्दल सांगतात, काकू. त्या कॅप्सूलनीच झालं सगळं. आतड्यातले चांगले जंतू मेले आणि एक वाईट जंतू माजला. त्याच्या विषाने आतडं सुजलं. डॉक्टर म्हणाले, आधी ते औषध बंद व्हायला हवं होतं, आणि जुलाब तर अडवायचेच नव्हते. त्यांनी बाबांना तीनदा विचारलं, घरी काही घेतलंय का म्हणून. तिन्ही वेळा बाबा नाही म्हणाले. इकडे सलाइन चालू आणि हे बाथरूममध्ये जाऊन कॅप्सूल गिळतायत. का, ते मला अजून कळत नाही.

उर्मिला : मला कळतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी होते तिथे.

रसिका : तुम्ही पेज घेऊन आला होतात.

उर्मिला : हो. डॉक्टरांनी विचारलं तसं भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग नाही म्हणाले. माझं नाव निघू नये म्हणून, दुसरं काय? वहिनींचं औषध बाधलं, असं बिल्डिंगमध्ये व्हायला नको. मी तोंड उघडायला हवं होतं. पेजेचा डबा ठेवला, चमचा शोधला, आणि घरी आले. हेच सांगायचं होतं तुला.

(रसिका घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडते.)

रसिका : तो हॉस्पिटलातला तिसरा दिवस. पुडी सापडली पाचव्या दिवशी. दोन दिवस, काकू.

उर्मिला : दोन दिवसांनी वाचले असते का गं?

रसिका : डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मीही त्यांना तेच विचारलं होतं. आठवडाभर बाबा फोनवर म्हणत होते, पोट बिघडलंय, पण वहिनी बघतायत. मी म्हणायचे, मग ठीक आहे. ठाण्याहून मीरा रोडला यायला मला वेळ नव्हता.

उर्मिला : तू मला बोल. वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन.

रसिका : तेच ठरवून आले होते. पण बाबांचा एक निरोप आहे तुमच्यासाठी. राग होता म्हणून मी तो इतके दिवस दिला नाही.

उर्मिला : कधीचा?

रसिका : आतड्याच्या ऑपरेशनला आत नेत होते तेव्हाचा. म्हणाले, वहिनींना सांग, दाढ दुखायची थांबली.