अकरा दिवसांचं पाणी

—नाही, वहीतले आकडे चुकलेले नाहीत. म्हणजे लिहिलेत तसेच आहेत. तीन वर्षांपूर्वीचे ते अकरा दिवस ना? सगळे सारखे दिसतात म्हणतेस. दिसणारच, एका बैठकीत लिहिलेत. — तुला अगं-तुगं केलं तर चालेल ना? माझी भाची तुझ्याएवढीच आहे. बस. त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, भिंतीला टेकून बस.

सव्वीस वर्षं झाली मला या सांडपाण्याच्या केंद्रात. सकाळी पहिलं काम काय, तर टाकीतला एक थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. लोकांना वाटतं, पाणी आम्ही साफ करतो. आम्ही कसले! साफ करतात ते टाकीतल्या गाळातले जिवाणू — आम्ही नुसती हवा सोडायची आणि त्यांची मर्जी सांभाळायची. शेकडो जाती! कुणी साबण खातं, कुणी मैला, कुणी दुसऱ्याचं उष्टं. एकत्र कुटुंबच म्हण, रुसवेफुगवेही तसेच. आणि त्या जिवाणूंवर जगणारे, देठावर डोलणारे घंटेसारखे जीव दिसले, की समजायचं — घरात सगळं आलबेल. नवरा म्हणायचा, माझ्याकडे एवढं निरखून कधी पाहिलं नाहीस. खरं होतं ते.

आणि त्या सोमवारी बघते तर काचेवर सामसूम. एकही हलेना. काच पुसली, दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला — काही नाही. वरच्या अंगाला कुठल्याशा कारखान्याने टाक्या धुतल्या, ते जहरी पाणी गटारात सोडलं, आणि आमची अख्खी वस्ती एका झटक्यात साफ. धावत साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, गाळ मेला. पाणी अडवायला हवं." तर म्हणाले, "कुठे अडवू? तुमच्या घरी?" — त्यांचंही खोटं नव्हतं, शहर काय आंघोळीचं थांबणार होतं? सगळं तसंच नदीत गेलं. शेवटी क्लोरीन घालतो आम्ही, पण एवढ्या घाणीपुढे ते किती पुरणार! वर साहेब म्हणाले, "बाई, वहीत नेहमीचंच लिहा. आणि घरीदारी बोलू नका." लिहिलं. अक्षर चांगलंय माझं, बघ ना.

नदीचं काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं? तू आज मोजून सांगतेस, की आमचं पाणी पडतं त्याच्या वर जिवाणूंच्या भरपूर जाती आणि खाली मोजक्याच, त्याही औषधाला भीक न घालणाऱ्या. मला एवढं शास्त्र कुठलं! पण दवाखान्यांची गटारंही इथेच येतात, हे कळायला शास्त्र कशाला लागतं?

खाली नदीला लागून माझ्या थोरल्या बहिणीचा भाजीचा तुकडा आहे. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं — हिने शाळा सोडली म्हणून मी शिकले. त्या रविवारी गेले तिच्याकडे. सांगायलाच गेले होते, शपथ. तर ताई पाण्यात उभी, गुडघ्यापर्यंत, बादल्या भरतेय. टाचेला कुदळ लागलेली, वर चिंधी बांधलेली, तीही भिजलेली. मी काठावर. अगदी ओठांवर आलं होतं. आणि म्हणाले काय? — "ताई, पाणी गार आहे का गं?" बस, एवढंच. का? नोकरीची भीती? होती, नाही कशी म्हणू. पण ती नव्हे खरी. वाटलं, ही विचारेल — "मग तू काय केलंस?" — आणि मी तर वहीत नेहमीचंच लिहून बसले होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या केंद्रातून टँकर भरून जिवंत गाळ आला. विरजण लावावं तसा तो टाकीत सोडला, हवा वाढवली, वाट बघत बसलो. गुरुवारी काचेवर पहिला घंटेवाला हलला. मी हसले — एकटीच, मोठ्याने, वेड्यासारखी. आणि तेवढ्यात भाचीचा फोन. "मावशी, आईचा ताप उतरत नाहीये." डॉक्टरांनी तीन औषधं बदलली. एक लागू पडेल तर शपथ. शेवटी गुडघ्याखालून पाय कापला.

कुदळीनेही झालं असेल. मातीनेही. डॉक्टर म्हणाले, काहीही असू शकतं. तूही तेच म्हणशील — पुरावा नाही. नाहीच आहे. वहीत तर पाणी स्वच्छ आहे.

गेल्या महिन्यात तिचा पाय चेपत होते — आहे तो. तर मध्येच म्हणाली, "तू त्या रविवारी काहीतरी सांगायला आली होतीस ना गं?" मी म्हटलं, "छे, सहजच." "बरं," म्हणाली. माझं खोटं तिला लहानपणापासून कळतं. तरी "बरं"च म्हणाली.

— काय? सांगणार का तिला? तुला काय करायचंय गं! तू पाण्याचं विचारायला आलीस ना, पाण्याचं विचार. — नाही, रडत नाहीये. क्लोरीन आहे इथे, सगळ्यांचेच डोळे झोंबतात. उचल तुझ्या बाटल्या. जा म्हटलं ना. आणि दार ओढून घे.