मुक्काम नळदुर्ग

चष्म्याच्या दुकानातल्या बाकावर जाहिदाबीनं तोंड रस्त्याकडं केलं होतं, पण कान शेजारच्या नवराबायकोकडं होते.

"मोटारीनं चार दिस निजामाच्या मुलखात हिंडायचं, तर मुक्काम तुळजापुरात करू की."

"नळदुर्ग बरं."

"तितं आपल्याला कोण कुत्रं वळखतंय?"

"किल्ला हाय. धबधबा हाय."

"भर उन्हाळ्यात धबधबा?"

"डाकबंगला गार असतोय."

"आन् हितं चष्मा कुणाला केलाय? आपुन दोघंबी लावत न्हाय."

"असंल कुणाचा तरी."

"पोलीस हुडकत्यात त्या भावजींचा न्हवं?"

"हळू बोल, चिमा."

आतून दुकानदार चष्मा घेऊन आला. "कुणाच्या नावावर लिहू?"

"माज्या," म्हणत चिमाबाईनं ती जाड भिंगं डोळ्यांवर चढवली.