काटा कितीवर होता

— नाही, मी तिथं नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही त्या बेतानं ऐकाल. ते मशीन मी पाहिलेलं नाही, हात अडकताना पाहिलेला नाही, सोडवताना पाहिलेला नाही. पेपरात आलेलं तुम्ही वाचलंत तेवढंच मीही वाचलं, आणि ते लिहिणाराही तिथं नव्हता — ‘रोबोटने बोटे चिरडली’ म्हणे! रोबोट कसला? हवेच्या दाबावर पुढे-मागे होणारा साधा दांडा, खोकी ढकलणारा. पण दांड्याची बातमी कोण छापणार? बसा ना. ती खुर्ची नको, तिचा एक पाय आखूड आहे — ही घ्या. तुमची मुलगी पाहू दे लॅब निवांतपणे, या काचेतून दिसतेय मला. हात मागे बांधून उभी आहे. चांगली सवय आहे.

तर कोर्स झाल्यावर पुढे काय, हा तुमचा प्रश्न. माहितीपत्रकातलं सांगत नाही — ते मीच लिहिलंय, म्हणून सांगत नाही. पहिलं वर्ष वायरी, मोटारी आणि हवेचा दाब. दुसरं वर्ष सेन्सर आणि प्रोग्राम. तिसऱ्या वर्षी ते सगळं एकमेकांना जोडायचं आणि चालत का नाही ते शोधत बसायचं. नोकऱ्या आहेत हो, तोटा नाही. सुरुवातीला पॅनेलच्या वायरिंगवर बसवतात, मग बंद पडलेली लाईन चालू करायला पाठवतात, मग कधीतरी प्रोग्राम हातात देतात. कुणी औषधांच्या कारखान्यात आहे, कुणी पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात, दोघं तर नवी मशीनं गावोगाव उभी करून देत फिरतात — त्यांच्या बॅगा कायम भरलेल्या. काय म्हणतात तुमचे मेहुणे? माणसांच्या पोटावर पाय देणारं शिक्षण? म्हणू देत. मशीन अडलं की मेहुण्यांसारखे दहा जण भोवती उभे राहून ‘काय झालं, काय झालं’ करतात, आणि कुणा एकाला आत वाकून बघावं लागतं. तो एक आम्ही घडवतो. आत वाकून — हं. पाणी घ्या. मी उभीच बरी आहे, मला बसवत नाही हल्ली.

पेपरावरून विचारलं असतंत ना, तर मी तुम्हाला ठरलेलं उत्तर देऊन वाटेला लावलं असतं. पाच पालकांना लावलं या आठवड्यात. पण तुमच्या मुलीनं आल्या आल्या काय विचारलं, ऐकलंत? लॅबमधल्या त्या मशीनच्या काचेच्या दारापाशी गेली, चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, सगळीकडे रंग मळलाय, मग इथंच हा एवढासा चौकोन स्वच्छ कसा? इमारतीची लिफ्ट उगाच तिसऱ्या मजल्यावर का थांबते ते शोधायला आठ दिवस वहीत वेळा मांडणारी मुलगी, तुम्हीच सांगितलंत — तिच्या नजरेतून चौकोन सुटणार थोडाच? मी म्हटलं, स्टिकर होता. नव्हता. खोटं बोलले. अठरा वर्षांच्या मुलीशी, पहिल्याच भेटीत.

तिथं चुंबक असायचा. समजावून सांगते, सोपं आहे. त्या मशीनचं दार उघडलं की मशीन थांबतं — थांबलंच पाहिजे. चौकटीत स्विच आहे, दाराला चुंबक आहे. दार मिटलं की चुंबक स्विचजवळ येतो आणि मशीनला वाटतं, सगळं ठीक. आता मला सांगा, दार उघडल्यावर मशीन थांबत असेल तर आतला सेन्सर नेमका कुठं सरकवायचा ते चालत्या मशीनवर मुलांना दाखवायचं कसं? चांगल्या मशीनवर त्यासाठी वेगळी किल्ली असते, मशीन कासवाच्या चालीनं चालतं. आमचं मशीन जुनं, त्याला किल्ली नाही. मी अर्ज केले — तीन केले, प्रती आहेत. आणि मग एक सुटा चुंबक आणला, त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, म्हणजे इतर चुंबकांत मिसळू नये, आणि प्रॅक्टिकलच्या वेळी तो स्विचजवळ चिकटवायला लागले. दार उघडं, मशीन चालू. पण आधी हवेचा दाब उतरवायचा, दाबमापकाचा काटा नेहमीच्या सहा बारवरून एका बारवर आणायचा, मगच चुंबक. आधी काटा, मग चुंबक — दरवर्षी मुलांकडून तीनतीनदा म्हणवून घ्यायचे, पाढ्यासारखं. एका बारला आमचा दांडा तीन किलोच्या जोरानं ढकलतो; मी माझा तळहात मध्ये धरून दाखवायचे. हसायची मुलं. जर्नलमध्ये मात्र यातलं काहीच लिहू द्यायचे नाही, काटाही नाही आणि चुंबकही नाही — परीक्षकांनी वाचलं असतं ना.

हो, पेपरात आलेली ती मुलगी माझ्याच वर्गातली. वर्गात तिला मोजपट्टी म्हणायचे. वायर कापायची तरी दोनदा मोजायची, टाळ्या वाजवतानाही मोजून वाजवते म्हणायची मुलं. वडील नाहीत, आईनं दुसऱ्यांच्या घरची कामं करून शिकवलं. एवढ्या वर्षांत मी कुणाला ‘तू माझ्याहून चांगली होशील’ म्हटलेलं नाही — तिलाही नाही म्हटलं, पण वाटलं होतं. नोकरी लागली पॅकिंगच्या कारखान्यात, चौदा महिने झाले होते. खोकी तिरकी जात होती, सेन्सर बोटभर सरकवायचा होता, चालत्या लाईनवर. तिनं दार उघडलं. मशीन थांबलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं.

चौकटीला चुंबक सापडला. नाही, कारखान्याचा नव्हता. आमचा — आमचा मागेच हरवला होता, लॅबमध्ये वस्तू हरवतातच, तीस-तीस मुलं हाताळतात, कोण कुठं — नाही. थांबा. हरवला नव्हता. निरोपाच्या दिवशी तिनं मागितला. बाकीची मुलं फोटो काढत होती, ही येऊन म्हणते, मॅडम, तो लाल ठिपक्याचा द्याल? आठवण म्हणून. मी काय केलं? दिला. वर म्हटलं, जपून ठेव. अहवालात लिहिलंय ‘एक चुंबक, त्यावर तांबडी खूण’, आणि ती खूण कशाची ते कुणी विचारलेलं नाही अजून.

हे बघा, हा अपघाताच्या चौकशीचा कागद, आमच्याकडे आलेला. दहा प्रश्न. नऊ उत्तरं शाईनं लिहिलीत, सुवाच्य. सातवा वाचते — ‘अभ्यासक्रमात सुरक्षा-साधने निष्प्रभ करण्याची पद्धत शिकवली जाते काय? होय / नाही.’ अभ्यासक्रमात! शब्द किती सोयीचा आहे पाहा. अभ्यासक्रम माझ्यासमोर आहे, छापील, त्यात चुंबक शोधून सापडणार नाही. ‘नाही’वर खूण केली तर एकही अक्षर खोटं होत नाही. पेन्सिलनं केली होती मी, नंतर खोडली, कागदाला भोक पडायची वेळ आली. उद्या पाठवायचाय.

मुलगी कुठं गेली? — हां, आहे. दारापाशीच आहे. हात मागेच आहेत ना? माझ्या डोळ्यांना लांबचं नीट दिसत नाही — आहेत? बरं.

काट्याचं विचारताय? बरोबर विचारलंत, चौकशीवाल्यांनी विचारलं नाही ते. तिनं दाब उतरवला होता का? तुम्ही म्हणाल, जोर किती बसला त्यावरून कळेल. मलाही वाटलं, मी गणित मांडलं. तिथला दांडा ढकलणारा सिलिंडर मोठा, आमच्या तिपटीहून जाड. दांडा एका बारलाच बत्तीस किलोनं ढकलतो, सहा बारला एकशे नव्वदनं. पण धारेवर सापडलेलं बोट मोडायला बत्तीसही पुरतात, डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी आकडा पाठ करून घेतला हो, एक बार, एक बार — हाच आकडा दुसऱ्या मशीनवर दहापट होतो, हे एकदाही म्हटलं नाही. गुणाकार पहिल्या वर्षी शिकवते, चुंबक तिसऱ्या वर्षी. दोन्ही एकत्र करायचं राहून गेलं. आणि मी स्वतःला काटेकोर समजते!

म्हणजे बघा. काटा सहावर असेल तर ती विसरली, घाई केली, चूक तिची. काटा एकवर असेल तर तिनं मी शिकवलं तसंच, अक्षरशः तसंच केलं. पंधरा दिवस झाले, सकाळी डोळा उघडला की माझ्या मनात पहिलं काय येतं, सांगू? सहावर असू दे. माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी — विसरलेली असू दे. ती! मोजपट्टी! हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हालाही सांगायचं नव्हतं.

तिच्या आईचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या बसणार, बसायलाच हव्या होत्या. तर म्हणतात, मॅडम, तुमच्यामुळे पोरगी पायावर उभी राहिली, ती यातूनही उभी राहील, तुम्ही फक्त तिला एकदा भेटा. मी नाही गेले. आणि मग तिचा मेसेज, डाव्या हातानं लिहिलेला, अक्षरं गाळत गाळत — हा, वाचा तुम्हीच. ‘मॅडम, मला नीट आठवत नाहीये. काटा कितीवर होता म्हणून सांगू?’ अकरा दिवस झाले. खाली उत्तर नाही, पाहताय ना? मी ‘सहा’ लिहिलं तर ती सहा सांगेल. तशी आहे ती.

तुमचं पेन द्या जरा. माझं कुठं ठेवलं — असू दे, हेच द्या. — होय. घ्या, लिहिलं. एक काय आणि सहा काय, सातव्याचं उत्तर तेच राहतं. एवढं साधं गणित सुटायला मला तुमची मुलगी यावी लागली.

फॉर्म इथं ठेवा, नाहीतर घेऊन जा, मी आग्रह करणार नाही. तिला म्हणावं, स्टिकर नव्हता. नाही, नको — ती आली इथं, तर मी सांगेन. आता निघा तुम्ही. मला एका मेसेजला उत्तर द्यायचंय आणि काय द्यायचं ते ठाऊक नाही. त्या दिवशी कारखान्यात पहिला जो धावला त्याला हवा बंद करायचा कॉक सापडला नाही, म्हणून त्यानं दाबाची कळच उलटी फिरवली, पार शेवटपर्यंत. योग्यच केलं त्यानं. पण नंतर लोक बघायला गेले, तेव्हा काटा शून्यावर होता.