भिंतीवरचा मासा

सरोवराकाठच्या आमच्या गावच्या दवाखान्यात, नर्सची वाट बघत अदेल आणि रोझाली या दोन म्हाताऱ्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. विषय रोझालीनं काढला.

“तुझा नॉर्बर मासे आणून देतो की नाही गं, अदेल?”

“कुठला देतोय. हौसेनं मासे धरायला शहरातून पाहुणे येतात ना, त्यांच्या लॉजवर कामाला लागलाय. दिवसभर त्यांना मासे धरून देतो.”

“मग त्यातला एखादा आईला नको?”

“ते पाहुणे मासे खात नाहीत बाई. हातात धरून फोटो काढतात, मुका घेतात आणि परत पाण्यात सोडतात. तसा नियमच आहे म्हणे.”

“माशाशी खेळायचं? तुझ्या नवऱ्यानं त्याचं थोबाड फोडलं असतं.”

“मी म्हटलं त्याला, खेळलात तर मासा रुसतो, जाळ्यात येत नाही. तर म्हणतो, आई, आता जाळं टाकतंय कोण?”

“भेटायला तरी येतो का?”

“परवा आला होता. चांगला हातभर लांब ट्राउट मासा घेऊन.”

“म्हणजे आणला की.”

“फोटो आणला. चौकटीत बसवून.”

“चुलीत घातलास ना?”

“कशाला? भिंतीला लावला. त्याच्याखाली बसून दुकानातला डब्यातला मासा खाल्ला. नॉर्बरलाही वाढला.”

“त्याच्या घशाखाली उतरला?”

“चाटूनपुसून खाल्ला. वर विचारतो, आई, अजून आहे का?”