कॅसेट संपू देऊ नका

(बहारीन, १९७९. मनामातल्या नईम मोहल्ल्यातला सार्वजनिक हमाम. शुक्रवारची सकाळ. आतल्या खोलीत वाफ इतकी, की कोणालाच कोणी दिसत नाही.)

गणपत : हारूनभाई, पोरगा हातात नाय!

हारून : नाही म्हणजे? मग हातात काय आहे?

गणपत : टॉवेल. त्याचा टॉवेल. मला वाटला, तो हाय त्याच्यात.

हारून : या अल्ला! तुम्ही त्याला आतल्या खोलीत आणलंत? मी बाहेरच्या कोमट खोलीत बसा म्हटलं होतं. इथं सात वर्षांखालचं मूल आणू नये, पाटीवर लिहिलंय.

गणपत : पाटी अरबीत हाय.

हारून : म्हणून तर मी मराठीत तोंडी सांगितलं. दहा वर्षं या हमामात नोकरी केली, पाटीवरचा नियम मोडला नाही. आज रत्नागिरीचा माणूस दिसला म्हणून तुम्हाला आत सोडलं, आणि तुम्ही—

गणपत : तुमी आता वाफ सोडलीत ना, तो पाइप फुसकारला. पोरगा दचकला न हात सोडलान. शंभू! ए शंभू! शंभ्याऽऽ!

हारून : हलू नका, गणपतराव. उभे कुठे आहात ते सांगा आधी.

गणपत : काय ठावं? पायाखाली लादी हाय.

हारून : लादी सगळीकडे आहे. हौद सोडून.

गणपत : कसला हौद?

हारून : मधोमध आहे. गरम पाण्याचा. माझ्या छातीइतका खोल. पाणी आत्ताच सोडलंय, त्यात हात घालवत नाही. लोक दुपारी उतरतात.

गणपत : न कठडा?

हारून : कठडा नाही.

गणपत : कठडा का नाय?

हारून : सात वर्षांखालचं कोणी येत नाही म्हणून.

गणपत : अरे देवा! वाफ बंद करा!

हारून : केली. दारही उघडं टाकलंय. पण ही वाफ जायला पंधरा मिनिटं लागतात. दारात मीच होतो, त्यामुळे तो बाहेर गेलेला नाही. आतच आहे.

गणपत : पंधरा मिनिटं? साडेचार वर्षांचा हाय तो! मी चाचपत येतो... सापडला! हारूनभाई, पाय सापडला!

हारून : त्या पायाला केस आहेत का?

गणपत : हायत.

हारून : मग सोडा. ते हाजीसाहेब आहेत. दर शुक्रवारी तिथंच बसतात. मालेश, हाजी, माफ करा!

गणपत : त्यांना विचारा, पोर बघितला का.

हारून : विचारलं. म्हणतात, स्वतःचे गुडघेच मघापासून दिसलेले नाहीत.

गणपत : ऐकलात? पाण्यात वाजला! डुबुक् करून वाजला! हारूनभाई!

हारून : ऐकलं. थांबा, माझ्याकडे बांबू आहे. तळ चाचपतो.

गणपत : लागला काय?

हारून : नाही.

गणपत : त्या अंगाला बघा. लागला?

हारून : काहीतरी आहे.

गणपत : शेवंतीला, त्याच्या आयशीला काय सांगू मी? काय सांगू?

हारून : साबण.

गणपत : काय?

हारून : साबणाची वडी आहे. हाजीसाहेबांच्या हातातून सुटली. तुम्ही त्यांचा पाय धरलात तेव्हा. घसरत घसरत आत्ता पाण्यात पडली.

गणपत : सगळा तळ बघितलात?

हारून : चारी कोपरे. हौदात नाही. अजून तरी नाही. पण मला सांगा, हे मूल ओ का देत नाही? मुका आहे का?

गणपत : मुका कसला! आयशीजवळ दिवसभर तोंड चालू असता. माझ्याशी बोलत नाय.

हारून : तुम्ही त्याचे कोण?

गणपत : बाप!

हारून : सख्खे?

गणपत : मी हिकडं आलो तेव्हा पाळण्यात व्हता. कंपनीची बस चालवतो मी, सित्राला कामगार न्यायची. रजा घेतली नाय एकदापन. आता आठ दिवस झाले, मायलेकरं व्हिजिट व्हिसावर आली. आमच्या कंपनीतल्या ताहिर क्लार्काची माणसं गावी गेलीत, त्यानं खोली दिलान. एअरपोर्टवर मला बघून हा जो आयशीच्या पदरात शिरला, तो आज पहिल्यांदा बाहेर निघाला.

हारून : आणि तुम्ही त्याला इथं आणलंत.

गणपत : माझा बाप मला परसात, चुलवणावर पाणी तापवून घासायचा. दर आयतवारी. दुसरा कायच बोलायचा नाय माझ्याशी, पन घासायचा. म्हटला, पोराला एकदा आंघोळ घातली की वळख व्हईल. शंभूऽऽ! अरे, ओ दे रे!

हारून : तुम्ही असे ओरडता, की मीच पळून गेलो असतो. माझी मुलगी खदिजा तशीच. गेल्या रजेत घरी गेलो, तर आईला विचारते, हे मामू जेवून जाणार का राहणार?

गणपत : मग काय सांगितलान आयशीनं?

हारून : म्हणाली, महिनाभर राहतील. ते जाऊ द्या. तो तुम्हाला ओळखतो कशावरून? फोटो बघितला असेल ना?

गणपत : फोटोत मला मिशी नाय.

हारून : मग? चिठ्ठी?

गणपत : कॅसेट. महिन्याला एक धाडतो. टेपरेकॉर्डरपन मीच धाडला. शेवंती सांगते, कॅसेट लावली की हा पुढ्यात बसतो न एकेका वाक्याला जवाब देतो. बाबा डब्यात ऱ्हातात म्हणतो.

हारून : मग कॅसेटमधलं बोला.

गणपत : हितं?

हारून : नाही, पोस्टात जाऊन बोला! अहो, तो तुम्हाला घाबरलाय, डब्याला घाबरत नाही. बोला!

गणपत : रामराम. मी खुशाल हाय. शंभ्या, कुठं मेलास रे भाड्या—

हारून : कॅसेटवर हे असं बोलता?

गणपत : नाय. कॅसेटवर शुद्ध बोलतो. आख्खी वाडी ऐकायला जमते.

हारून : मग शुद्ध बोला.

गणपत : तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. मी गणपत, बहारीनहून बोलत आहे. मी येथे खुशाल आहे. आपण सर्व तिकडे खुशाल असालच.

शंभू : खुशाल.

गणपत : हारूनभाई!

हारून : शू. हौदाच्या पलीकडून आला. पाइपाच्या बाजूनं. बोलत राहा.

शंभू : बाबा? डबा कुठं हाय?

हारून : पाय वाजतात. तुमच्या आवाजावर येतोय. हौद मधे आहे, गणपतराव!

गणपत : ए! थांब तिथं! हलू नको! खाली बस!

शंभू : नको, नको! त्ये काका आले!

हारून : मागं सरला. आता आणखी मागं जाऊ देऊ नका, तापलेला पाइप उघडाच आहे, कातडी निघेल. पुढं पाणी, मागं पाइप. कॅसेट चालू असताना तो काय करतो?

गणपत : मांडी घालून बसतो.

हारून : आणि संपल्यावर?

गणपत : उठून डब्यात बघायला जातो.

हारून : मग संपू देऊ नका. मी भिंतीला धरून फिरून जातो. मी धरला म्हणेपर्यंत तुमची कॅसेट चालू राहिली पाहिजे.

गणपत : चिरंजीव शंभूस अनेक आशीर्वाद. शंभू, तू मांडी घालून बसला आहेस ना?

शंभू : बसलो.

गणपत : शाब्बास. येथील हवा उत्तम आहे.

शंभू : हितं लय गरम हाय.

गणपत : होय. थोडी गरम आहे. कंपनीने मला मोठी बस दिली आहे. सित्रापर्यंतचा रस्ता गुळगुळीत आहे. पोटातले पाणी हलत नाही. साहेब माझ्यावर खूश आहेत. मला स्वतंत्र खोली मिळाली आहे. जेवण वेळेवर मिळते. तब्येत सुधारली आहे. तरी काळजी नसावी... हारूनभाई, खलास.

हारून : काय खलास?

गणपत : कॅसेट. दर खेपेला एवढाच बोलतो. पुढं नुसत्या सगळ्यांच्या नावानं नमस्कार.

हारून : मी अजून भिंतीच्या मध्यावर आहे. बोला!

शंभू : संपली?

गणपत : नाही, नाही! संपली नाही. बस. हारूनभाई, सांगण्यासारखा कायच नाय!

हारून : मग खरं सांगा. ते जास्त असतं.

गणपत : शंभू... ऐक हं. मला स्वतंत्र खोली नाही. एका खोलीत आम्ही आठ जण राहतो. पलंग चार आहेत. दिवसपाळीचा माणूस उठला, की रातपाळीचा त्याच पलंगावर निजतो. अंथरूण कधी गार होत नाही.

शंभू : मग?

गणपत : जेवण आम्हीच करतो. माझी पाळी असली की डाळ करपते. सगळे जण खातात, पण तोंडं वाकडी करून. साहेब माझ्यावर खूश नाहीत. साहेब कोणावरच खूश नाहीत. पहिल्या वर्षी मी बसमध्ये... बस थांबवून रडलो. मागे चाळीस माणसे होती. कोणी चला म्हणाले नाही.

शंभू : का रडलात?

गणपत : तुला दात आला असे तुझ्या आईने पाठवलेल्या कॅसेटवर ऐकले म्हणून.

शंभू : माजा दात?

गणपत : तुझा. मी गावाहून निघालो त्या दिवशी तू निजला होतास. आई म्हणाली, उठवते. मी म्हटले, उठवू नको. तिने उठवले असते तर मी... तर माझी गाडी चुकली असती. तू बसला आहेस ना, शंभू? शंभू? बाळा, बोल. एकदा बोल. हारूनभाई, हा बोलत नाय! ओ, हारूनभाई!

हारून : धरला.

गणपत : काय?

हारून : धरला, धरला! माझ्या काखेत आहे. लाथा मारतोय, म्हणजे ठणठणीत आहे. आता तुम्ही हला. हौदाकडे नव्हे! माझ्या आवाजाकडे पण नव्हे, माझ्या आणि तुमच्या मधे हौदच आहे. मागं सरका, दाराच्या गार वाऱ्याकडे. बाहेरच्या खोलीत भेटू.

गणपत : आलो, आलो. द्या. द्या हिकडं त्याला. बघू, भाजला नाय ना कुठं?

हारून : त्याला काही नाही. हा कोरडा पंचा गुंडाळा, आणि थोडं थोडं पाणी पाजा. घटाघटा नको.

गणपत : तुमचा खांदा? लाल झालाय.

हारून : पाइपाला टेकला. पाइप आणि हौद यांच्या मधून त्याला काढायचं, तर कोणी तरी टेकायलाच हवं होतं. मलम आहे माझ्याकडे. नोकरी राहिली तर लावीन, गेली तर निवांत लावीन.

गणपत : हारूनभाई, मी काय बोलू तुमाला...

हारून : मला नको, त्याच्याशी बोला. बघा कसा बघतोय तुमच्या तोंडाकडे.

शंभू : डबा कुठं हाय?

गणपत : डबा नाय, बाळा. मीच व्हतो तो.

शंभू : बोला.

गणपत : काय बोलू?

शंभू : बोला ना.

हारून : जरा दम घेऊ दे त्याला, बेटा. रडताना शुद्ध बोलता येत नाही.

शंभू : आठ मानसं हायत, त्ये खरा?

गणपत : खरा. पन आयशीला सांगू नको हां. तिला वाटता, मी एकटा ऱ्हातो.

शंभू : आयशीला ठावं हाय.

गणपत : कोण बोलला तिला?

शंभू : तुमी डब्यात बोलता ना, तवा मागं मानसं खोकतात. आमी दोगं मोजतो. येगयेगळी खोकतात.

गणपत : किती भरली?

शंभू : सात. आठवे तुमी.