भिंगरी एक फेरी आधी का थांबला

नाही नाही, बसा हो, त्या स्टुलावर बसा, ग्रीस नाही त्याला, मघाशीच पुसलंय — तुम्ही तो प्रश्न वाचलात ना, तेवढ्यानंच माझं डोकं फिरलं. परत वाचा बरं एकदा. हं. 'झेंडा पडायच्या एक फेरी आधीच रेस संपली असं समजून गाडी थांबवणारा आणि हातातोंडाशी आलेली ट्रॉफी घालवणारा ड्रायव्हर कोण, आणि त्यानं असं का केलं?' आणि उत्तर काय, तर भिंगरी. कारण पिटमधल्या पाटीवरचा दोनचा आकडा त्यानं एक असा वाचला. वा. छान. दर वर्षी तुमच्या रेस-क्लबाच्या क्विझमध्ये हाच प्रश्न, हेच उत्तर, आणि दर वर्षी अख्खा हॉल फिदीफिदी हसतो. भिंगरी माझा सख्खा मोठा भाऊ, हे ठाऊक आहे ना तुम्हाला? ठाऊक आहे म्हणूनच आलात म्हणा. प्रश्नाबरोबर पडद्यावर दाखवायला फोटो पाहिजे. देतो की फोटो, पण आधी ते उत्तर खोडा.

मला एक सांगा, तुम्हा शौकीन लोकांना नक्की काय माहीत असतं? जिंकल्यावर ड्रायव्हर दूध पितो ती रेस कुठली — माहीत. पळत जाऊन गाडीत उडी मारायची आणि निघायचं, ती जुनी पद्धत का बंद पडली — तेही माहीत, पट्टे न बांधताच लोक गाडी पळवायचे म्हणून. कुणाच्या हेल्मेटवर काय रंगवलं होतं, कुणाचं चाक कुठल्या वळणावर निखळलं, सगळं तोंडपाठ. पण त्या चाकाचे नट कुणी आवळले होते ते विचारा — मख्ख. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाडी दुरुस्तीला थांबते तिथं, माणसं असतात हो, नुसते पाने आणि टायर नसतात. मी होतो तिथं. दादाची गाडी मीच बघायचो, आणि पाटीसुद्धा मीच धरायचो. पत्र्याचे आकडे असायचे, पाटीच्या खुंटीला अडकवायचे आणि पाटी ट्रॅकच्या कठड्यावरून बाहेर धरायची, म्हणजे भरधाव जाता जाता ड्रायव्हरला दिसायचं किती फेऱ्या उरल्यात. आता गाडीत यंत्र बसवतात, ते मोजतं. तेव्हा कुठलं यंत्र आलंय. घरचंच कुणीतरी बसायचं मोजायला.

आणि दादाची नजर म्हणाल तर — अहो, हायवेवर समोरून येणाऱ्या ट्रकचा नंबर वाचून दाखवायचा तो आम्हाला, आम्हाला अजून ट्रक आहे की बस आहे तेच कळलेलं नसायचं. त्याला दोनचा एक दिसला म्हणे. एवढाल्या पत्र्याचा आकडा. कसा दिसेल? मीच लावला होता ना तो, माझ्या या हातांनी. दोन नव्हताच तो. एकच होता. पाटीवर एक होतं, दादानं एक वाचलं, एक फेरी मारली आणि हात वर करून गाडी कडेला घेतली. बरोबरच वागला तो. हं, लिहा, लिहून घ्या — पाटी चुकीची होती, ड्रायव्हर बरोबर होता. मागून दोघं जण सुसाट निघून गेले आणि हा आपला हेल्मेट काढून लोकांना हात करतोय.

झेंडा? बरोबर आहे तुमचं, झेंडा हलला नव्हता, दिसायला पाहिजे होतं त्याला. मीही विचारलं होतं. तर म्हणाला, झेंडेवाला काय, पेंगतो कधी कधी, पण आपली पाटी चुकायची नाही. पाटीवर त्याचा झेंड्यापेक्षा जास्त विश्वास. माझ्यावर नाही हो. मी कोण? मला तर शाळेपासून हिशेबाचं वावडं. मी फक्त भिंतीवर बघायचो आणि आकडा अडकवायचो. भिंतीवर खडूच्या रेघा असायच्या, गाडी समोरून गेली की एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी, त्या बघून किती उरल्या ते मी लावायचो. त्या दिवशी एक रेघ जास्त झाली होती. आता कशी झाली म्हणजे — दादा मधेच टायर बदलायला पिटमध्ये आला ना, तेव्हा फेरीची रेषा ओलांडूनच आत आला, ती फेरी धरली, बरोबर होतं. मग टायर बदलून बाहेर निघाला तो पुन्हा आमच्या पुढ्यातूनच गेला, की ओढली अजून एक रेघ. सवयीनं. गाडी दिसली की रेघ, गाडी दिसली की रेघ, एवढंच डोक्यात. नवीन होती बिचारी, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि त्या आवाजात, त्या धुरात —

काय? नाही, मी कुणाचं नाव घेतलं नाही. तुम्ही लिहू नका हो ते, जरा पेन खाली ठेवा. बरं, आता ऐकलंच आहे तर सगळं ऐका, अर्धवट घेऊन गेलात तर भलतंच काहीतरी कराल. वहिनी मोजायला बसायची. आणि वहिनीला आजतागायत माहीत नाही. दादा पळत पिटमध्ये आला, भिंतीकडे एक नजर टाकली, त्याला कळलं. काय केलं असेल त्यानं? सरळ त्या रेघांना पाठ टेकून उभा राहिला, दमल्यासारखा, आणि घामेजल्या पाठीनं सगळ्या पुसून काढल्या. मग सगळ्यांदेखत म्हणाला, पाटीवर दोन होतं, मीच एक वाचलं, माझाच गाढवपणा. मी तोंड उघडणार तर बुटानं माझा पाय असा दाबला की नख काळं पडलं. गाडीत बसल्यावर मला एवढंच म्हणाला, "ट्रॉफी पुढच्या वर्षी पण मिळेल. हिला कळलं तर ही पुन्हा रेसला यायची नाही." ट्रॉफी काही मिळाली नाही. वहिनी मात्र शेवटच्या रेसपर्यंत यायची.

आणि वर तिनंच त्याची थट्टा करायची. याचा राग येतो मला, खरं सांगतो. त्यानं चहात दोन चमचे साखर मागितली की ही एकच घालायची — तुम्हाला तर दोनचा एक दिसतो ना, म्हणून. पाहुण्यांसमोर, व्याह्यांसमोर. आणि तो हसायचा, तो कमी गोड चहा प्यायचा. इतकी वर्षं. मी मनातल्या मनात चरफडायचो, की अरे बाबा, एकदा तरी सांग. नाही सांगितलं. गेल्या वर्षी गेला, जाताना पण नाही. म्हणून मी ठरवलं होतं, यंदा क्लबवाले आले की सांगून टाकायचं, भावाचं नाव साफ करायचं. मेल्यावर तरी माणसाला आंधळा म्हणू नये लोकांनी.

माझी चूक म्हणून लिहू म्हणता? ते नाही का मी करून बघितलं मनात. चालणार नाही. पाटी चुकली म्हटलं की वहिनी विचारणार, कशी चुकली? तू तर माझ्या रेघा बघून लावायचास. ती काही दुधखुळी नाही. एका मिनिटात तिच्या लक्षात येईल, आणि मग साखरेचा एकेक चमचा आठवत बसेल ती. दादा असता तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. आता कुणाजवळ जाऊन सॉरी म्हणेल ती? आणि तुम्ही यंदा उत्तराचं पाकीट फोडायला तिलाच स्टेजवर बोलावलंय ना? तयारी करतेय, नवी साडी आणली. म्हणते, मी उत्तर वाचणार आणि साखरेचा किस्सा पण सांगणार. दादा गेल्यापासून पहिल्यांदा हसून बोलताना बघितली मी तिला.

अहो थांबा, तो कागद खिशात घाला. आलीच ती. या वहिनी, या. हे क्लबातनं आलेत, दादाचा फोटो मागतायत. हो, तोच प्रश्न, यंदाही तोच आहे. उत्तर? उत्तर काय बदलणार आहे, वहिनी — दोनचा एक दिसला आमच्या भिंगरीला, दुसरं काय. हो ना, चष्माच लावायला हवा होता त्याला. हसा, हसा तुम्ही. आणि साहेब, तुम्ही निघा आता, उशीर होतोय तुम्हाला. फोटो मी पाठवून देतो.