मुळांना लागलेली माती

समारंभाचे अध्यक्ष, नगराध्यक्ष ओगिसो-सान, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपल्या उद्यान खात्याचे कुरामोची-सान, त्यांच्या पत्नी फुमिए-सान आणि जमलेल्या गावकऱ्यांनो, नमस्कार.

मी नीमुरा. परदेशी पत्रव्यवहार सांभाळते. मला गौरवाचे दोन शब्द बोलायला सांगितलंय, पण आधी एक कबुली द्यायची आहे.

सत्तावीस वर्षांपूर्वी पोलंडमधल्या आपल्या भगिनी-शहराला साकुराच्या फुलझाडांची वीस रोपं पाठवायची ठरली. कुरामोची-सान देवळातल्या जुन्या झाडाखालची माती मुळांना लावून वर गवताच्या चटया बांधत होते. कोणीतरी हसलं, तर म्हणाले, "लेक सासरी पाठवताना रिकाम्या हातानं पाठवतोस का रे?"

त्या दिवशी तिकडचं पत्र माझ्या हातात होतं. मुळं धुतलेली हवीत, मातीचा कणही चालणार नाही. मला नोकरीला लागून सात महिने झाले होते. सगळ्या माणसांदेखत वडीलधाऱ्याला 'चुकलात' म्हणायचं? आपल्यात कोण म्हणतं? म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी निरोपाचे साकेचे पेले सुरू झाले. म्हटलं, सकाळी सांगू. सकाळी गेले तर ट्रक निघून गेला होता.

रोपं तिकडच्या बंदरावर जाळली. तिथले लोक स्वागताला फुलं घेऊन उभे होते म्हणे. आपल्या गावाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. सभेत विचारलं, नियम कोणाला ठाऊक होता? मी उठायच्या आत कुरामोची-सान कपाळ जमिनीला टेकवून म्हणाले, "चूक माझी. मी विचारलंच नाही."

नंतर मी रडत रोपवाटिकेत गेले आणि पत्राचं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"वय काय तुझं?"

"तेवीस."

"मग रडतेस काय? बादली आण. पुढच्या खेपेची मुळं कशी धुवायची ते दाखवतो."

पुढच्या वर्षी नवी कलमं पोचली आणि जगली. लावायला मी गेले, ते नाही. त्यांना दिलेली शिक्षाच होती ती. तिथल्या दगडावर माझं नाव कोरलंय. ज्यांनी ती कलमं बांधली, त्यांचं नाही. दर वसंतात तिकडून फोटो येतात. ते बघून कुरामोची-सान म्हणतात, "वाढलीत चांगली," आणि कामाला लागतात.

येत्या मे महिन्यात शिष्टमंडळ जातंय. यादीतलं माझं नाव काढून मी त्यांचं घातलंय. नगराध्यक्षांनी काल सही केली. त्यांचं नावही दगडावर कोरा, असं पत्र मी तिकडे लिहिलंय. का, तेही त्यात खरं खरं लिहिलंय. फुमिए-सान, पासपोर्टचं तेवढं बघा, हे स्वतः काही करायचे नाहीत.

(कुरामोची-सान म्हणतायत, "नीमुरा, बस आता, सूप गार होतंय." बसतेच.)

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. शेवटी चूकभूल पोटात घाला असं म्हणायची रीत आहे. इतकी वर्षं मीही रीत म्हणूनच म्हणत आले. आज या सगळ्यांदेखत म्हणते.

कुरामोची-सान, माझं चुकलं. मला माफ करा.